तळ्याच्या तळाशी जावईबापू

"आपण जाणार म्हणजे थेट पाण्याच्या तळाशीच जाणार!" असं काळुराम म्हात्र्यांनी पेणच्या बाजारात इतक्या जणांना सांगितलं होतं, की शेवटी शेवटी लोक त्यांना लांबून बघूनच रस्ता ओलांडायला लागले. न्हाव्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरला सांगितलं. कंट्रोलरने सहज विचारलं, "परत कधी?" तर म्हणाले, "बघू. तळाशी किती वेळ लागतो त्यावर हाय!"

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर होता. पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात, हे माहीत असलेली माणसं त्या वेळी सगळ्या पेणमध्ये दोन. एक नझीर, तो बारा वर्षं आखातात एका तेल कंपनीत पाण्याखाली वेल्डिंग करत होता. आणि दुसरे काळुराम. त्यांना ते नझीरने आदल्या आठवड्यात सांगितलं होतं.

काळुरामांचा पेणमध्ये गणपतीचा कारखाना होता. आजोबांपासूनचा, आणि पहिल्यापासून फक्त शाडूच्या मातीचा. आजूबाजूच्या कारखान्यांतून प्लास्टर कधीच शिरलं होतं. ते हलकं, झटपट वाळणारं, मुंबईपर्यंत न मोडता जाणारं. पण काळुरामांनी प्लास्टरचं पोतं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. "माझ्या कारखान्यातनं प्लास्टरचा गणपती भायेर पडला तर त्या दिवशी ब्रश खाली ठेवीन!" हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. माती मळणं, साच्यात भरणं, रंग देणं हे सगळं त्यांची बायको सगुणा आणि कारागीर बघत. पण मूर्तीचे डोळे आखायचे ते काळुरामांनीच. त्या डोळ्यांपुढे गिऱ्हाइकाची मान आपोआप खाली जाते, असं लोक म्हणत. लोक विसरले तर काळुराम म्हणत.

हे सगळं बरं चाललं होतं. पण त्यांची मुलगी मृणाली, वय वर्षं सतरा, गेल्या वर्षी तालुक्याच्या सायकल शर्यतीत दुसरी आली आणि काळुरामांच्या अंगात प्रशिक्षक संचारला! स्वतः त्यांनी सायकल शेवटची चालवली ती पंक्चर काढायला नेताना. पण गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि बुडाखाली एम-एटी स्कूटर, एवढ्या सामग्रीवर ते रोज पहाटे मुलीच्या मागे निघत. पेण ते वडखळ, वडखळ ते नागोठणे, आणि परत. ट्रकवाले हॉर्न वाजवत, हे शिट्टी वाजवत. दर मैलाला मृणालीला थांबवून वेळ सांगत. दुपारी पुन्हा निघत. जानेवारीत अलिबागला जिल्हा निवड चाचणी होती आणि ती आता वीस दिवसांवर आली होती.

आणि नेमका मृणालीचा गुडघा सुजला.

"आठ दिवस सायकलला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

"आठ दिवस?" काळुराम दवाखान्यातच उठून उभे राहिले. "डॉक्टर, चाचणी तोंडावर आलीय! गुडघा काय नंतर दुखू शकत नाय?"

"पाण्यात जाऊ दे हवं तर. गुडघ्याला बरं असतं."

संध्याकाळी नझीर घरी आला होता. तो काळुरामांचा शाळेपासूनचा दोस्त. दोन महिन्यांच्या रजेवर आला होता आणि येताना डायव्हिंगचं सगळं सामान घेऊन आला होता. त्याने लगेच विषय संपवला. "काळू, चल. सगळ्यांनाच पाण्याखाली नेतो. पोरीला आराम, वहिनींना सुट्टी, नि तुला दोन घटका गप्प बसायला मिळंल."

शेवटचं कलम सोडून काळुरामांना बेत पसंत पडला. मुरूडचा समुद्र त्यांच्या डोळ्यांपुढे आला. दोन दिवस बाजारभर सांगून झालं, आणि मग नझीर म्हणाला, "समुद्र नंतर. आधी शांत पाणी पायजे. दोन पुरुष खोल, तळ दिसणारं."

"मंग आमच्या वाडीचं तळं काय वाईट हाय?" सगुणाने आतून विचारलं.

सगुणाचं माहेर म्हणजे तळ्याची वाडी, रोह्यापासून चार मैलांवर. काळुरामांचा संताप संताप झाला. सगळ्या पेणला पाण्याचा तळ सांगून ठेवला आणि जायचं कुठे, तर सासुरवाडीच्या तळ्यात! तिथे म्हशी डुंबतात!

पण वाडीला जायला आणखी एक कारण होतं, आणि ते मोठं होतं. तळ्यातल्या न विरघळलेल्या मूर्तींना कंटाळून वाडीने ठराव केला होता, की पुढच्या वर्षी चाळीसच्या चाळीस घरांत शाडूचाच गणपती बसेल, आणि तो सगळा एकाच कारखान्यातून येईल. मेव्हणा शिवा याने पत्र लिहिलं होतं, "दाजी, लोकांनी तुमचंच नाव काढलंय. फक्त एकदा समोर येऊन शब्द द्या." चाळीस घरं! सासुरवाडीची! ज्या गावात आजवर नुसते सगुणाचे नवरे म्हणून ओळखले गेले, तिथे आता चाळीस देव्हाऱ्यांत त्यांची आखणी बसणार होती. काळुराम तयार झाले.

शनिवारी दुपारच्या गाडीने मंडळी रोह्याला निघाली. नझीर रविवारी सकाळी मोटारसायकलने येणार होता. पण हवेच्या दोन टाक्या काही मोटारसायकलवर बसेनात, म्हणून त्या काळुरामांच्या गळ्यात पडल्या. "आपटू नको, उन्हात ठेवू नको, कोणाला हात लावू देऊ नको," असं नझीरने बजावलं होतं. त्यामुळे काळुराम दोन्ही टाक्या मांडीशी धरून बसले होते. सगुणा आणि मृणाली दोन बाक सोडून, खिडकीशी. समोरची बाई बराच वेळ टाक्यांकडे बघत होती. कासू स्टेशन गेल्यावर तिच्याने राहवेना.

"कोणासाठी हाय ओ हे?"

"माझ्यासाठी!" काळुराम छाती काढून म्हणाले.

"अरे देवा! कवापासून?"

"आता उद्यापासून सुरू."

"डॉक्टर काय म्हनतात?"

"डॉक्टरांचं काय! आठ दिवस म्हणाले."

"आठच दिवस?" बाईने पदर डोळ्यांना लावला.

मग जे व्हायचं ते झालं. कोणी खिडकी उघडली, कोणी बाक रिकामा केला, एकाने त्यांना खांद्याला धरून आडवंच केलं. "अहो, मी ठणठणीत हाय!" काळुराम ओरडले. "असंच म्हनतात सगळी," एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "माझा थोरला भाऊपन असंच म्हनायचा." काळुरामांना संतापाने धाप लागली. ती धाप बघून तर डब्यात कोणाला शंकाच उरली नाही.

त्या डब्यात वाडीचाही एक माणूस होता, हे त्यांचं नशीब. गाडी रोह्याला थांबते न थांबते तोच तो उडी मारून पुढे धावला. काळुराम टाक्या सावरत फलाटावर उतरले, तर समोर शिवा तिघांना घेऊन हजर, आणि त्याचा चेहरा असा की काळुरामांनाच आधी त्याची काळजी वाटली.

"दाजी, चालू नका!" शिवा म्हणाला. चौघांनी त्यांना उचललं आणि टेम्पोत नेऊन ठेवलं. टाक्या जवळ ठेवल्या. मृणाली हसून हसून फलाटावरच्या बाकावर बसली. आपल्या बापाला उचलून नेतायत आणि पोरगी हसतेय, हे बघून शिवाने तोंड फिरवलं.

घरी सासूबाई, बायजाबाई, ओटीवरच उभ्या होत्या. "माज्या सगुनेचं नशीब गो!" त्यांनी जो सूर लावला, तो ऐकून शेजारची दोन घरं धावत आली.

"आई, अगो काय नाय झालेलं त्यांना," सगुणा म्हणाली. "ते टाकी घेऊन तळ्यात जानार हायेत."

"तळ्यात?" बायजाबाईंचा सूर आणखी चढला. "एवढं काय जड झालं त्यांना? मी बोलते जावईबापूंशी! तळ्यात कशाला जायाचं?"

सगुणाने तासभर समजावलं. मृणालीने समजावलं. बायजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि मुलगी आपलं मन राखायला खोटं बोलतेय अशी खात्री करून घेतली. रात्री चुलीवर कोंबडी शिजली, वडे तळले गेले, घरभर वास सुटला. पानं मांडली. सगळ्यांच्या पानात कोंबडी-वडे आले, आणि काळुरामांच्या पुढ्यात आली पेज! पांढरी, पातळ, चिमूटभर मिठाची पेज! एकोणीस वर्षं जुना जावई, सासुरवाडीला, पेजेवर! "पोटाला हलकं बरं," बायजाबाई मायेने म्हणाल्या. काळुरामांनी पेज प्यायली, पण त्या पेजेची चीड त्यांच्या मनात आजतागायत आहे.

सकाळी नझीर आला. तोवर "म्हात्रे तळ्यात जानार" ही बातमी वाडीभर झाली होती आणि सगळी वाडी बांधावर जमली होती. अर्धे लोक टाकीची गंमत बघायला आले होते आणि अर्धे त्यांना वाचवायला. पुढे वाडीचे जाणते गोविंदा ठाकूर उभे होते. गणपतीचा ठराव त्यांनीच मांडला होता आणि शब्दही त्यांनाच द्यायचा होता.

"आधी पान्यात जाऊन या," गोविंदा म्हणाले. "मंग बोलू."

बनियन आणि अर्धी चड्डी अशा वेषात काळुराम काठावर उभे राहिले. नझीरने पाठीला टाकी बांधली, डोळ्यांना काच लावली, कंबरेला शिशाचा पट्टा आवळला आणि पायांत दोन रबरी फिन्स चढवले, बदकाच्या पायांसारखे.

"ह्या कसल्या चपला?" काळुराम म्हणाले. "ह्यांनी चालता पन येत नाय!"

"चालायचं नाय, पोहायचं हाय. आणि काय झालं तरी पायांतून काढायच्या नायत. कळलं? तोंडातली नळी पन नाय काढायची. खाली बोलता येत नाय." नझीरने त्यांच्या कंबरेला एक दोर बांधला आणि त्याचं टोक शिवाच्या हातात दिलं. "दोर एकदा ओढला म्हणजे ठीक हाय. दोनदा म्हणजे हळूहळू वर घ्या. तीनदा म्हणजे संकट! मंग विचार करायचा नाय, वढायचं."

"तीनदा म्हंजे संकट," शिवाने घोकलं. त्याच्या मागे आणखी सहा जणांनी दोर धरला. त्यांच्या मागे बायजाबाई पदरात काहीतरी घेऊन उभ्या होत्या.

काळुराम आणि नझीर पाण्यात उतरले.

आणि काय सांगावं, काळुरामांना आवडलं! पाणी गार होतं, पण हिवाळ्यातलं निवळशंख होतं. ऊन थेट खालपर्यंत पोचत होतं. बोटाएवढे मासे काचेपाशी येऊन त्यांच्याकडे बघत आणि निघून जात. शेवाळाची पानं सावकाश हलत होती. कानांत फक्त स्वतःच्या श्वासाची बुडबुड. वर्षभर ते नुसते ओरडत होते. इथे ओरडताच येत नव्हतं, आणि पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ओरडावंसं वाटतही नाहीये. मृणालीला हे दाखवायलाच हवं, असं त्यांच्या मनात आलं. ते खुशीत आणखी खाली गेले.

तळाशी एका दगडाला टेकून गणपती बसला होता.

हातभर उंचीचा, पीतांबराचा रंग थोडा उडालेला, मुकुटावर शेवाळ. पण बाकी सगळा शाबूत. त्या हिरव्या उजेडात तो इतका प्रसन्न दिसत होता की काळुरामांना आपण कुठे आहोत याचा विसरच पडला. देवासमोर आल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. आधी वाकून पायांतल्या चपला काढल्या! दोन्ही फिन्स काढले आणि जोडीने, नीट, बाजूला ठेवायला गेले. पाण्यात ते कुठले राहतात! एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. काळुरामांचं तिकडे लक्षच नव्हतं. अनवाणी चिखलात उभं राहून त्यांनी हात जोडले आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

वाकल्याबरोबर दोर ओढला गेला. एकदा.

मान वर करून त्यांनी बाप्पाच्या डोळ्यांकडे बघितलं. डोळे ओळखीचे वाटले. म्हणून त्यांनी जवळ सरकून, पुन्हा नमस्कार करून, पुन्हा बघितलं. पापणीची ती रेघ, कोपऱ्यातली ती किंचित वर गेलेली टोकं... ते डोळे त्यांनीच आखले होते! पण शाडूची मूर्ती तळ्यात तीन महिने राहील कशी? काळुरामांनी बोटाने मूर्ती खरवडली. माती निघाली नाही. आतून पांढरं निघालं.

प्लास्टर! त्यांचे डोळे, आणि प्लास्टर! "देवा, हे काय?" असं मनात म्हणत त्यांनी कपाळ टेकायला तिसऱ्यांदा अंग वाकवलं.

"तीनदा!" बांधावर शिवा किंचाळला. "संकट! वढा!"

सात जणांनी दोर ओढला, मग त्यांना आणखी दहा जण येऊन मिळाले. नझीर मागे वळून बघतो तर शेजारी काळुराम नाहीत. नुसता चिखलाचा ढग आहे आणि त्या ढगातून दोन अनवाणी पाय उलटे दूर चालले आहेत. काळुराम तळावरून, शेवाळातून, काठच्या दगडांवरून सरकत सरकत बांधावर येऊन पडले. तोंडातली नळी कधीच सुटली होती. डोक्यावर शेवाळ होतं. ते काही बोलणार इतक्यात बायजाबाईंनी पदरातला कांदा बुक्कीने फोडून त्यांच्या नाकाला लावला.

"हुंगा, जावईबापू! हुंगा!"

"मला काय झालेलं नाय!" काळुराम कांद्याच्या आडून ओरडले.

"बोलायला लागलं गो! देवच पावला!"

तेवढ्यात नझीर वर आला. काच कपाळावर सारून त्याने जो आवाज काढला तो पार पलीकडच्या काठाला गेला. "काळू! खाली चपला काढल्यास? बारा वर्षं पाण्याखाली काम करतोय, असा माणूस नाय बघितला! काय बघितलंस एवढं खाली?"

सगळी वाडी जवळ सरकली. काळुरामांनी नझीरकडे बघितलं, गोविंदांकडे बघितलं. तळ्यातला गणपती, प्लास्टरचा, आणि त्यावर आपले डोळे. हे लोकांना कळलं तर चाळीस घरं गेलीच. पण त्याहून वाईट म्हणजे उद्या पेणच्या बाजारात ज्याने त्याने तोंडावर विचारलं असतं, काय म्हात्रे, ब्रश कधी ठेवताय?

"काय नाय," ते म्हणाले. "चिखल."

"आता माझी पाळी!" मृणाली कधीच पाण्यात उतरली होती.

"नाय! तुझा गुडघा!"

"बाबा, डॉक्टरांनीच सांगितलंय पाण्यात जायला. आणि नझीरचाचांचे फिन्स नकोत का शोधायला?" एवढं बोलून तिने टाकी बांधून घेतली आणि नझीरबरोबर खाली गेली. काळुराम उठायला लागले, पण बायजाबाईंनी त्यांना खांद्याला दाबून खाली बसवलं.

गोविंदा समोर येऊन उकिडवे बसले. "म्हात्रे, तुमी जरा धडधाकट दिसताय तवर बोलून घेऊ. चाळीस घरं. सगळी शाडूची. तुमच्या कारखान्यात प्लास्टर नाय असा शब्द द्या, की आजच नावं लिहून देतो."

हेच वाक्य काळुराम रोज दोनदा बोलत आले होते. ते बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते मिटलं. पुन्हा उघडलं. खोटा शब्द द्यायचा म्हणजे त्या चाळीस घरांतल्या देवाच्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलायचं, आणि ते डोळे तर त्यांनाच आखायचे!

तेवढ्यात पाणी हललं. मृणाली वर आली. एका हातात दोन फिन्स, आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला गणपती!

बांधावर सगळ्यांच्या पायांतल्या चपला भराभर निघाल्या. बायजाबाईंनी हात जोडले. "तळ्यात शिरवलेला देव भायेर आला गो!"

"आजी, तुमचाच हाय," मृणाली म्हणाली. "बाबा, बघा! तुमची आखणी!"

"छे!" काळुराम म्हणाले. "माझी नाय. माझा गणपती विरघळतो. हा कोणा प्लास्टरवाल्याचा हाय. आजकाल माझ्या आखणीची नक्कल करतात लोक!"

गोविंदांनी मूर्ती हातात घेतली, उन्हात धरली आणि बराच वेळ बघितली. "खरं हाय म्हात्र्यांचं," ते म्हणाले. "नक्कलच ही. हे बघा की, डावा डोळा जरासा मोठा झालाय. कोन शिकाऊ पोराचं काम दिसतंय."

काळुराम जागचे उठले. "शिकाऊ?"

"मंग काय. हात कापलाय बघा."

"हात कापलाय? कोणाचा हात कापलाय?" कांदा एकीकडे, शेवाळ एकीकडे, काळुराम मूर्तीपुढे येऊन उभे राहिले. "मोठा हाय म्हणे! अहो, मान डावीकडे कलती हाय, म्हणून डावा डोळा केसभर मोठा घ्यावा लागतो, तेव्हा तो समोरच्याकडे बघतो! ही माझ्या आजोबांची रीत हाय! पेणमध्ये ही आखणी माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या बापाला..."

एवढं बोलून ते थांबले. पण उशीर झाला होता. सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती.

"म्हंजे तुमचीच," गोविंदा म्हणाले.

काळुरामांचा सगळा राग एकदम दुसरीकडे वळला. "हे कारागिरांचं काम! माझ्या पाठीमागं माझ्या कारखान्यात प्लास्टर! उद्या सकाळी जातो, एकेकाला हाकलतो!"

"मंग सुरुवात माज्यापासनं करा," सगुणा म्हणाली.

ती इतका वेळ मागे उभी होती. आता पुढे आली आणि पदर खोचला. "मी केलंय. तीस मूर्ती. जुलैत पाऊस लागला, माती वाळेना. ऑर्डरी तोंडावर. तुमी कुठं होता? सकाळी वडखळ, दुपारी नागोठणं! कारागीर मला विचारायचे, मालक कुठं? मी काय सांगू? शिट्टी वाजवतायत?"

"मला विचारायचं होतंस!"

"कुठं विचारू? एम-एटीच्या मागं धावत? मलापन नाय आवडलं ते. परक्या गिऱ्हाइकाला कशी देऊ, म्हणून तीसच्या तीस आपल्याच नातेवाइकांत वाटल्या. आईकडं दिली तेव्हा आरतीला वर नाय बघवलं मला."

"पण मला कसं नाय कळलं?"

"तेच तर!" सगुणा म्हणाली. "तीसही मूर्ती तुमच्या हातात दिल्या होत्या. तिसांचेही डोळे तुमीच आखले. एक हात स्टॉपवॉचवर, नि एक ब्रशवर! मी दारात उभी होते, आता ओरडतील, मंग ओरडतील म्हणून. तुमी म्हणालात, 'यंदा माती छान मळलीय.'"

बांधावर कोणीतरी खुदकन हसलं. मग ते हसू पसरत गेलं. नझीर तर पाण्यातच दगडाला धरून हसत होता.

"यात हसण्यासारखं काय हाय?" काळुराम कडाडले आणि सासूबाईंकडे वळले. "मामी, तुमी तरी सांगा! जावयाच्या कारखान्यातला देव, आणि प्लास्टरचा! तुमाला केवढं वाईट वाटलं असंल!"

बायजाबाई जरा घुटमळल्या. "वाईट कसलं, जावईबापू. खरं सांगू? यंदा पैल्यांदाच सोंड शाबूत आली."

"म्हणजे?"

"एसटीतनं येईतो दरसाल सोंड तुटते तुमच्या गनपतीची. शिवा पिठाच्या खळीनं चिकटवतो. तुमाला लागंल म्हनून बोललो नाय."

"दरसाल?" काळुरामांना कळेचना कोणावर चिडावं. "एकोणीस वर्षं?"

"एका साली कानपन," शिवा हळूच म्हणाला.

काळुराम मटकन खाली बसले. निदान पोटची पोर तरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून त्यांनी मृणालीकडे बघितलं. ती त्यांच्याजवळ येऊन बसली, ओल्या हाताने त्यांच्या डोक्यावरचं शेवाळ काढलं.

"बाबा, रागवू नका," ती म्हणाली. "पण मागच्या महिन्यात तुम्ही लग्नाला गेला होतात ना, तेव्हा मी एकटीच नागोठण्याला जाऊन आले. चार मिनिटं लवकर आले. दर मैलाला थांबून वेळ ऐकायला लागला नाय."

काळुरामांनी समोर ठेवलेल्या गणपतीकडे बघितलं. डावा डोळा केसभर मोठा, थेट त्यांच्याकडे बघणारा. डोळे छानच उतरले होते, आणि नेमकं त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

"गोविंदाकाका," ते शेवटी म्हणाले, "शब्द मागितला होतात. मी देऊ शकत नाय. तुमी दुसरा कारखाना बघा."

गोविंदांनी वाडीकडे बघितलं. दोघातिघांशी डोळ्यांनीच बोलणं झालं. मग त्यांनी घसा खाकरला.

"दुसरा कशाला बघू? खोटा शब्द द्यायची संधी होती, तुमी नाय दिलात. चाळीस मूर्ती तुमच्याच कारखान्यातनं येतील. शाडूच्या. सोंडा आमी चिकटवू. फक्त शब्द सगुनेनं द्यायचा."

काळुराम ताडकन उभे राहिले. "सगुणेनं का? कारखान्याचा मालक मी हाय!"

"मालक तुमीच," गोविंदा शांतपणे म्हणाले. "पन तुमच्या कारखान्यात माती कुठली नि प्लास्टर कुठलं, हे कळनारं मानूस एकच दिसतंय."

सगुणाने तिथेच, बांधावर, चाळीस घरांना शब्द दिला. टाळ्या झाल्या. बायजाबाईंनी तिची दृष्ट काढली. काळुराम चिखलाचे पाय ओढत तिच्याजवळ गेले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "डोळे तरी मीच आखू ना?"

"बघू," सगुणा म्हणाली. "सकाळी कारखान्यात वेळेवर आलात तर."